वॉर्डातील सिस्टर दिवसभर नेमके काय करतात? रुग्ण आणि नातेवाइकांसाठी माहिती

"सिस्टर, सलाईन लय हयू पडून राह्यली, वाढवा ना जराशी!"

मूर्तिजापूर परिसरात कोणत्याही दवाखान्याच्या वॉर्डात तासभर बसलात, तर हे वाक्य तुमच्या कानावर पडेलच. सिस्टर येतात, बाटलीकडे पाहतात, "बरोबर आहे काका" म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. नातेवाइकांना वाटते, की त्यांनी लक्षच दिले नाही. खरे तर त्या अर्ध्या मिनिटात त्यांनी थेंबांचा वेग, हातावरची सूज, रुग्णाचा श्वास आणि लघवीची पिशवी या चारही गोष्टी पाहिलेल्या असतात.

डॉक्टर दिवसातून एक-दोनदा राऊंड घेतात. बाकीचा सगळा वेळ रुग्णाजवळ परिचारिका, म्हणजेच सिस्टर किंवा ब्रदर असतात. त्यांचे काम नीट समजले तर रुग्णाची काळजी अधिक चांगली होते आणि बरेचसे गैरसमजही टळतात. म्हणून हा लेख.

परिचारिका कोण असतात?

पांढरा किंवा निळा गणवेश घातलेली प्रत्येक व्यक्ती परिचारिका नसते. प्रशिक्षित परिचारिकेने पुढीलपैकी एक अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो:

- एएनएम: दोन वर्षांचा अभ्यासक्रम. गावपातळीवरील आरोग्यसेविका साधारणपणे हे शिक्षण घेतलेल्या असतात.
- जीएनएम: तीन वर्षांचा अभ्यासक्रम.
- बीएस्सी नर्सिंग: चार वर्षांची पदवी.

शिक्षणानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. सरकारी रुग्णालयात वॉर्डातील स्टाफ नर्सला अधिपरिचारिका म्हणतात, वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर म्हणजे परिसेविका आणि सर्व परिचारिकांच्या प्रमुख म्हणजे अधिसेविका, ज्यांना आपण मेट्रन म्हणतो.

वॉर्डबॉय, आया किंवा मावशी ही मंडळी वेगळी. रुग्णाला हलवणे, भांडे देणे, स्वच्छता, नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे ही त्यांची कामे. तीही तितकीच गरजेची आहेत, पण इंजेक्शन देणे किंवा सलाईन लावणे हे त्यांचे काम नाही. इंजेक्शन देणारी व्यक्ती प्रशिक्षित सिस्टर आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पाळी बदलताना: 'ओव्हर' का महत्त्वाचा?

बहुतेक रुग्णालयांत सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन पाळ्या असतात. रात्रीची पाळी सर्वांत लांब असते. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला प्रत्येक रुग्णाची माहिती देते. याला वॉर्डात 'ओव्हर देणे' म्हणतात. कोणाला रात्री ताप आला, कोणाची लघवी कमी झाली, कोणाचा रक्ताचा रिपोर्ट यायचा आहे, कोणाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे सगळे त्यात येते.

ही पंधरा-वीस मिनिटे फार मोलाची असतात. या वेळी मध्येच "आमचा डिस्चार्ज कधी?" असे विचारले, तर एखादी महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाऊ शकते. तातडीचे काही नसेल, तर थोडे थांबा. मात्र, तुमच्या रुग्णाबद्दल काही राहिले असे वाटले, तर ओव्हर संपल्यावर नव्या सिस्टरना जरूर सांगा.

नाडी, ताप, बीपी: कागदावरचे आकडे जीव कसा वाचवतात

ठराविक वेळाने सिस्टर नाडी, ताप, श्वासाचा वेग, रक्तदाब आणि ऑक्सिजनचे प्रमाण पाहून तक्त्यावर लिहितात. "सारखं सारखं काय मोजता, झोपू द्या ना," असे पुष्कळ जण म्हणतात. हे मोजमाप का हवे, ते मी स्वतः इंटर्नशिपमध्ये शिकलो.

ग्रामीण भागातील एका रुग्णालयात मी रात्रपाळीला होतो. अडीचच्या सुमारास सिस्टरनी उठवले. दीड तासापूर्वी बाळंत झालेली एक मुलगी होती. मी पाहिले तर रक्तदाब ११०/७०. "बीपी तर चांगलं आहे, सिस्टर," मी म्हणालो. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, बीपी चांगलं आहे, पण नाडी बघा. मघाशी ८८ होती, मग १०४, आता १२४." त्यांनी तक्ता माझ्यापुढे धरला आणि दुसऱ्या हाताने त्या मुलीचे पोट दाबून दाखवले. गर्भाशय चेंडूसारखे घट्ट लागायला हवे होते, ते मऊ पडले होते. आत रक्त साचत होते.

सिस्टरनी गर्भाशयाला मसाज सुरू केला, मूत्राशय रिकामे केले. मी दुसरी सलाईन लावली, गर्भाशय आकुंचन पावण्याचे औषध दिले आणि वरिष्ठांना बोलावले. ती मुलगी वाचली. तिच्या सासूबाईंनी सकाळी पेढे आणले, ते मला दिले. ते कोणाला द्यायला हवे होते, हे मला माहीत होते.

यातला धडा साधा आहे. तरुण शरीर बरेच रक्त जाईपर्यंत रक्तदाब टिकवून धरते, पण नाडी आधीच वाढू लागते. हा बदल एका मोजमापात कळत नाही, ओळीने लिहिलेल्या आकड्यांतून कळतो. म्हणून सिस्टर रात्री उठवून नाडी पाहत असतील, तर त्यांना पाहू द्या.

औषध देण्यापूर्वी सिस्टर काय तपासतात?

प्रत्येक औषधापूर्वी पाच गोष्टी पाहायच्या असतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, देण्याचा योग्य मार्ग आणि योग्य वेळ. म्हणूनच सकाळी ज्यांनी नाव विचारले, त्याच सिस्टर दुपारी पुन्हा नाव विचारतात. आपल्याकडे एकाच वॉर्डात एकाच नाव-आडनावाचे दोन रुग्ण सहज निघतात. चिडू नका, पूर्ण नाव सांगा.

तुम्ही सिस्टरना आपणहून सांगायच्या गोष्टी:

- पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ, सूज किंवा धाप आली होती का.
- घरी चालू असलेली औषधे: मधुमेह, बीपी, फिट्स, रक्त पातळ करणारी गोळी. डबीसह सोबत आणा.
- गावठी किंवा जडीबुटीचे औषध घेतले असेल तर तेही. कोणी रागावणार नाही, लपवू मात्र नका.
- गरोदर असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास.

दवाखान्यात भरती असताना घरच्या गोळ्या परस्पर देऊ नका. सिस्टरनी इन्सुलिन दिलेले असते, घरच्यांनी वर साखरेची गोळी दिलेली असते, आणि तासाभराने रुग्ण घामाघूम होऊन गळून जातो. असे प्रसंग मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहेत.

सलाईनचा वेग: चाकाला हात का लावू नये?

नेहमीच्या सेटमध्ये साधारण २० थेंबांचे एक मिलिलिटर होते. ५०० मिलिलिटरची बाटली चार तासांत द्यायची असेल, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडायला हवेत. सिस्टर घड्याळ लावून हे थेंब मोजतात आणि नळीवरचे चाक तेवढेच उघडतात. तीच बाटली तासाभरात संपवायची म्हटली, तर मिनिटाला जवळजवळ १६७ थेंब पडतील.

धडधाकट माणसाला जुलाब झाले असतील, तर आम्ही स्वतःच सलाईन वेगाने देतो. पण वयस्कर माणूस, हृदयाचा किंवा किडनीचा रुग्ण असेल तर तेच पाणी फुप्फुसात साचते. काही वर्षांपूर्वी एका आजोबांच्या मुलाला शेवटची गाडी पकडायची होती. सिस्टर दुसऱ्या रुग्णाजवळ असताना त्याने चाक पूर्ण उघडले. थोड्याच वेळात आजोबांना आडवे झोपवेना, छातीत घरघर सुरू झाली. सिस्टरच्या ते लगेच लक्षात आले. त्यांनी सलाईन बंद करून आजोबांना बसते केले, ऑक्सिजन लावला आणि मला बोलावले, म्हणून निभावले. मुलाचा हेतू वाईट नव्हता. त्याला कोणी समजावून सांगितले नव्हते, ही आमचीही चूक.

सलाईन चालू असताना सुईच्या जागी दुखणे, लाली, सूज, गार लागणे किंवा ओले होणे यांपैकी काही दिसले, तर सिस्टरना सांगा. बाटली संपत आली की सांगा. स्वतः काही करू नका.

न दिसणारे काम: कूस, लघवी, जेवण

*कूस बदलणे.* अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर सतत दाब येऊन त्वचा मरते. यालाच बेडसोअर म्हणतात. दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे आणि चादरीला सुरकुती पडू न देणे हा त्यावरचा उपाय. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. सुमारे ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. २०११ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते, तोवर इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झाला नव्हता, याचा उल्लेख निकालपत्रात आहे. शुश्रूषा म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण माझ्या माहितीत नाही. घरी लकवा झालेला रुग्ण असेल, तर कूस बदलण्याची पद्धत सिस्टरकडून शिकून घ्या.

*लघवीचे माप.* किती पाणी गेले आणि किती लघवी झाली, हे सिस्टर लिहून ठेवतात. किडनीवर ताण आल्याचे ते पहिले चिन्ह असू शकते. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवा, पण जमिनीला टेकू देऊ नका. मोजायला ठेवलेली लघवी न सांगता ओतून टाकू नका.

*जेवण.* सिस्टर "तोंडाने काही देऊ नका" म्हणाल्या, तर एक घोट चहाही देऊ नका. लकव्याच्या किंवा अर्धवट शुद्धीतल्या रुग्णाचा घोट श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ऑपरेशनपूर्वी पोट रिकामे ठेवण्याचे कारणही हेच. नाकातील नळीने द्रव आहार देताना डोके उंच हवे, आणि त्यानंतर निदान अर्धा तास तसेच राहू द्यावे.

*स्वच्छता.* एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुणे, ड्रेसिंग निर्जंतुक पद्धतीने करणे, वापरलेली सुई आणि बोळे ठरलेल्या रंगाच्या डब्यात टाकणे ही सिस्टरची रोजची जबाबदारी. ज्या तालुक्यातील दापुऱ्यात गाडगेबाबांचे बालपण गेले, त्या तालुक्यात तरी खाटेखाली खरकटे आणि भिंतीवर खर्ऱ्याची पिचकारी दिसू नये. ते सांभाळणे आपले काम आहे.

बाळ-बाळंतिणीची काळजी

प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास सर्वांत जोखमीचे. या काळात सिस्टर वारंवार नाडी, रक्तदाब, रक्तस्राव आणि गर्भाशयाचा घट्टपणा पाहतात. बाळाला पुसून कोरडे करणे, आईच्या छातीशी उबेत ठेवणे, तासाभराच्या आत अंगावर पाजायला मदत करणे, व्हिटॅमिन के आणि जन्मवेळच्या लसी देणे हेही त्यांचेच काम. घुटी, मध किंवा साखरपाणी देऊ नका असे त्या सांगतात, ते ऐका. पहिले पिवळसर चिकाचे दूध बाळाला संरक्षण देते.

आपल्या भागातील दोन तातडीच्या वेळा

*सर्पदंश.* पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंत हे रुग्ण येतच असतात. सिस्टर काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाची शंका येते. प्रतिविष देताना अंगाला खाज, पित्त उठणे किंवा धाप लागणे अशी रिॲक्शन येऊ शकते, म्हणून सिस्टर जवळ थांबतात आणि त्यावरचे इंजेक्शन हाताशी ठेवतात. दंशाच्या वर घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

*फवारणीची विषबाधा.* २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीमुळे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. असा रुग्ण आला की सिस्टर आधी कपडे उतरवतात आणि साबण-पाण्याने अंग, केस धुतात. लाजेपोटी किंवा घाईपोटी नातेवाईक अडवतात. अडवू नका, कारण विष कपड्यांतून आणि कातडीतून शरीरात जातच राहते. औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल सोबत आणा. त्यानंतर छातीतील घरघर आणि नाडी सारखी पाहून औषधाची मात्रा ठरते, आणि ही नजर रात्रभर सिस्टरचीच असते.

रुग्णाला अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीला पाठवायचे ठरले, तर १०८ येईपर्यंत सलाईन पक्की करणे, ऑक्सिजन चालू ठेवणे आणि दिलेल्या औषधांची वेळेसह नोंद चिठ्ठीत लिहिणे हेही त्या करतात. ती चिठ्ठी हरवू नका. पुढचे डॉक्टर सर्वांत आधी तीच मागतात.

गावातील सिस्टर

साधारण पाच हजार लोकसंख्येमागे एका उपकेंद्रातील आरोग्यसेविका गरोदर मातांची तपासणी, लसीकरण, प्रसूतीनंतरच्या घरभेटी, कुटुंब नियोजनाचा सल्ला आणि साथीच्या आजारांची नोंद पाहतात. लस दिल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात, कारण क्वचित येणारी गंभीर रिॲक्शन बहुधा याच वेळात दिसते. शेतात कितीही काम असले, तरी तेवढा वेळ थांबा.

सिस्टरचे काम नसलेल्या गोष्टी

- आजाराचे निदान सांगणे, औषध बदलणे किंवा ऑपरेशनचा निर्णय घेणे. हे डॉक्टरांना विचारा. "मला माहीत नाही, सरांना विचारा" हे उत्तर टाळाटाळीचे नसते, तो नियम आहे.
- बिल कमी करणे किंवा योजनेचे कागद मंजूर करणे.
- एका रुग्णाची माहिती दुसऱ्याच्या नातेवाइकांना किंवा गावकऱ्यांना सांगणे.

सिस्टरना ताबडतोब कधी बोलवावे?

- धाप वाढली, ओठ निळे पडले, छातीत दुखू लागले.
- रुग्ण अचानक बरळू लागला, गुंगीत गेला किंवा झटका आला.
- रक्तस्राव वाढला, ड्रेसिंग भिजले.
- इंजेक्शननंतर खाज, पुरळ, थंडी-हुडहुडी भरली.
- सहा-सात तासांत लघवी झाली नाही.
- बाळ दूध ओढत नाही, गार लागते किंवा फार सुस्त आहे.

अशा वेळी "त्रास कशाला द्यायचा" म्हणून थांबू नका. आणि एकदा सांगून कोणी आले नाही, तर पुन्हा सांगा.

तक्रार असेल तर

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात रात्री एका सिस्टरकडे याच्या कितीतरी पट रुग्ण असतात. त्यामुळे कधी उशीर होतो, कधी आवाज चढतो. तरीही हयगय किंवा अपमान झाला असेल, तर गप्प बसायची गरज नाही. वॉर्डच्या प्रमुख सिस्टर, अधिसेविका, मग वैद्यकीय अधीक्षक या क्रमाने बोला, आणि वेळ व घटना लिहून द्या.

अंगावर धावून जाणे मात्र गुन्हा आहे. महाराष्ट्रातील २०१० च्या कायद्यानुसार परिचारिकेसह कोणत्याही आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि वॉर्डात भांडण झाले, की त्या अर्ध्या तासात बाकीच्या रुग्णांकडे पाहणारे कोणी नसते. त्यात तुमचाही रुग्ण असतो.

घरी जाताना हे विचारून घ्या

१. कोणती गोळी कधी, जेवणाआधी की नंतर, किती दिवस?
२. जखम भिजवायची का? टाके कधी काढायचे?
३. काय खायचे, काय टाळायचे?
४. कोणते लक्षण दिसले तर लगेच परत यायचे?
५. पुढची तपासणी कोणत्या तारखेला?

सिस्टरनी सांगितलेले त्यांच्यासमोरच परत म्हणून दाखवा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त होईल. इन्सुलिन घरी घ्यायचे असेल, तर एक इंजेक्शन त्यांच्या देखत स्वतः भरून पाहा.

आणि जाताना वॉर्डात एकदा डोकावून या. पेढेच हवेत असे नाही. "सिस्टर, आता बरं हाये" एवढे सांगितले तरी पुरते. रात्रभर ज्यांनी तुमच्या माणसाची नाडी मोजली, त्यांना तो बरा होऊन घरी जाताना पाहायला मिळतोच असे नाही.

(ही माहिती सर्वसामान्य मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या रुग्णाबाबतचे निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर फोन करा.)